पत्रिका न जुळलेलं स्थळ

भुसावळच्या मालधक्क्यावर बुकिंग क्लार्क म्हणून हयात घालवलेल्या प्रेमराज बोंडेला साठाव्या वर्षी कळलं, की नशिबाने आपल्यावर मोठा अन्याय केला आहे. कळलं ते मोबाइलमुळे. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. पुण्याच्या सुनेला, मोहिनीला, दिवसाकाठी सासऱ्याचे चार-चार फोन यायचे. ते थांबावेत म्हणून तिने दिवाळीत त्याच्या मोबाइलवर कादंबऱ्यांचं ॲप टाकून दिलं. उपाय लागू पडला. फोन थांबले, सासरे बिघडले.

ॲपमध्ये ‘दुसरी संधी’ नावाचा एक कप्पा होता. त्यातल्या एकेचाळीस कादंबऱ्या प्रेमराजने सात महिन्यांत फस्त केल्या. गोष्ट सगळ्यांची एकच. तरुणपणी दोघांची ताटातूट होते, पंचवीस-तीस वर्षांनी गाठ पडते आणि मधल्या काळात नायिका किलोभरही जाड झालेली नसते. तिला नवरा असलाच तर तो तिसऱ्या भागापर्यंत अपघातात जातो. ताटातुटीची कारणंही ठरलेली. पत्र पोचलं नाही, आत्याने काड्या घातल्या, गाडी चुकली. एका कारणाला मात्र त्या कप्प्यात सक्त बंदी होती. नायिकेला नायक मुळातच नको होता, असं एकेचाळीस कादंबऱ्यांत एकदाही घडलं नव्हतं. साठीतल्या माणसाला यापेक्षा गोड औषध कोणता डॉक्टर देईल? तू हरला नाहीस बाबा, टपाल खातं ढिलं होतं!

प्रेमराजचीही एक नायिका होती. एक्क्याण्णव साली बोदवडला तो सुनंदाला बघायला गेला होता. पोह्यांची बशी ठेवताना तिने एकदाच मान वर करून पाहिलं. मुलगी पसंत पडली. आठवड्याने तिच्या वडिलांचा निरोप आला, ‘पत्रिका जुळत नाही.’ संपलं. पुढे जिच्याशी लग्न झालं तिने एकतीस वर्षं त्याचा डबा भरला. तिच्यावर कादंबरी होऊ शकते, असं त्याच्या मनातही आलं नाही.

सुनंदाची बातमी काढून आणली ती नवलने. नवल हा निवृत्त गार्ड, प्रेमराजचा चहाचा सोबती. त्याची मेहुणी बोदवडलाच राहते.

“नवरा वारून चार वर्षं झाली,” नवल म्हणाला. “बाई बिबड्या-पापडांचा धंदा करते. पण तू जाऊन सांगणार काय?”

“ग्रहांनी तोडलं म्हणून माणसांनी तुटायचं का?”

“हे तू बोलतो आहेस, का मोबाइल?”

सोमवारी सकाळी आकाशी शर्ट घालून, केळीच्या वेफर्सचा पुडा घेऊन प्रेमराज पॅसेंजरने बोदवडला उतरला. अंगणात ओल्या फडक्यांवर ज्वारीच्या बिबड्या थापणं चाललं होतं. चार बाया कामाला होत्या. पाचवी, जाड भिंगाची, भारदस्त अंगाची, हात कोपरापर्यंत पिठाने भरलेली, ती सुनंदाबाई. कादंबऱ्यांनी दगा दिला, हे त्याच्या लक्षात आलं. पण माघार घेणं नायकाला शोभत नाही.

“कोन पाहिजे, भाऊ?” एका बाईने विचारलं. “किलोच्या खाली देत नाही आम्ही.”

“मी प्रेमराज. भुसावळचा. एक्क्याण्णव साली सुनंदाबाईंना बघायला आलो होतो.”

चारी बायांचे हात थांबले.

“अक्का, तवा नीट दिसलं नाही वाटते यायले,” दुसरी म्हणाली, आणि अंगण खिदळलं.

सुनंदाबाईंनी त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं, चहा मागवला. प्रेमराजने गाडीत पाठ केलेलं वाक्य काढलं.

“आपल्याला ग्रहांनी वेगळं केलं, सुनंदाबाई.”

“कोणत्या ग्रहांनी?”

“पत्रिका जुळली नाही ना.”

“मला पत्रिकाच नाही,” त्या हात पुसत म्हणाल्या. “माझी आई शेतात कापूस वेचता वेचता बाळंत झाली. वेळ कोण बघणार?”

“मग तो निरोप?”

“निरोप बापूंचा. नको म्हटलं ते मी. तुम्ही पोहे खाता खाता म्हणालात, जरा चालून दाखवा. मी चालले. म्हणालात, परत. परत चालले. मग तुमच्या मामांच्या कानाला लागलात, डावा पाय ओढते का हो? माझ्या पायात काटा होता. बैल घ्यायला आलेला माणूसही खूर उचलून बघतो.”

प्रेमराजला यातलं काहीही आठवत नव्हतं. त्याने चौतीस वर्षं जपली होती ती फक्त एक नजर.

“तुम्ही पाहिलं होतं माझ्याकडे,” तो म्हणाला.

“रागानं पाहिलं. तुम्ही कधी कोणाला असा निरोप पाठवला नाही?”

“चार जणींना.” आकडा त्याच्या तोंडून बुकिंगच्या सवयीने अचूक गेला.

“त्या चौघींच्या पत्रिका पाहिल्या होत्या?”

प्रेमराजने चहावरची साय बोटाने बाजूला केली. खानदेशात पोर शाळेत जायच्या आधी शिकतं, की पत्रिका जुळत नाही म्हणजे माणूस पसंत नाही. हे त्यालाही ठाऊक होतं. फक्त तो निरोप आपल्या दारी आला तेव्हा त्यात खरेखुरे ग्रह होते, अशी त्याची समजूत होती.

तरीही त्याने विचारलंच. “आणि आता?”

बाया आता हसत नव्हत्या. थापायचंही विसरल्या होत्या.

“नको,” सुनंदाबाई म्हणाल्या. “बापू असते तर एखादं चांगलं कारण काढून दिलं असतं. मला ते जमत नाही. चहा घ्या, निवतोय.”

त्या उठल्या आणि कामाला लागल्या.

परतीच्या गाडीला पाऊण तास होता. प्रेमराज फलाटावरच्या बाकावर टेकला. एवढ्या वेळात माणसाला शहाणपण येतं, नाहीतर दुसरं स्थळ आठवतं. त्याने नवलला फोन लावला.

“नवल, मी नकार दिलेल्या चौघींत एक दोंडाईचाची होती ना रे? तिला आपण पत्रिकेचंच कारण कळवलं होतं. बिचारीला खरं वाटलं असेल.”

“आधी बोदवडचं सांग. काय म्हणाली?”

“तिचं सोड,” प्रेमराज म्हणाला. “तिच्यात तेव्हाही काही नव्हतं.”