बाईंची उमेदवारी

विधानसभेची, जिल्हा परिषदेची मतं मागायला कोणी हात जोडून दारात आला की बाई त्याला आधी ओट्यावर बसवत आणि विचारत, "उमेदवार म्हणजे काय रे?"

आलेला बहुधा त्यांचाच विद्यार्थी असे. तो डोकं खाजवी. मग बाईच सांगत, "फारसीतून आलेला शब्द. उमेद म्हणजे आशा. पूर्वी जे लोक, कधीतरी जागा मिळेल म्हणून, कचेरीत बिनपगारी काम शिकायचे, त्यांनाही उमेदवार म्हणत. तू काय काम शिकलास?"

"बाई, चाळिशी उलटली माझी," एकजण म्हणाला होता.

"मग शिकून झालं असेल. सांग."

तळ्याजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत मी त्यांच्याबरोबर शिकवत होतो. शब्दाचा अर्थ सांगून न थांबणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई त्यांतल्या.

ग्रामपंचायतीला आमच्याकडे मतदान होतच नसे. देवळात बैठक बसे, नावं ठरत, नारळ फुटे. त्यानंतर कोणी अर्ज भरायचा नाही, असा रिवाज. बौद्धवाडीच्या राखीव जागेचं नावही तिथेच ठरे. बाई बौद्धवाडीतल्या. वाडीतल्या बायका म्हाताऱ्या झाल्या, पण पंचायतीसाठी त्यांच्या बोटाला कधी शाई लागली नव्हती.

निवृत्त झाल्यावर बाईंनी, नारळ फुटून गेल्यावर, त्या जागेसाठी अर्ज भरला.

संध्याकाळी सरपंच आले. मी तिथेच बसलो होतो.

"बाई, अर्ज मागं घ्या. तुम्ही पडणार, ह्ये तुम्हाला बी ठाव हाय."

"ठाऊक आहे."

"मंग कशापायी?"

"मी पडेन. पण मला पाडायला गावाला मत द्यावं लागेल."

सरपंच उठले. चहा मात्र घेऊन गेले.

बाई पडल्या. मतदानाच्या दिवशी सगळी वाडी नटून शाळेच्या दारात रांगेत उभी होती. बाई शाईचं बोट पदराला लागू नये म्हणून वर धरून घरी परतल्या. मी हसलो, तेव्हा त्याही हसल्या.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. यंदा नारळ फुटला आणि प्रत्येक जागेला एकेकच अर्ज आला. आसपासच्या गावांत मतदान होतं, त्या सकाळी मी शाळेवरून चाललो होतो. बंद दारासमोर वाडीतली एक म्हातारी उभी होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात ओळखपत्र.

"गुरजी, आज मत हाय ना?"

"आपल्या गावात नाही, आजी. दुसरा अर्जच कोणी भरला नाही."

"बाई न्हाईत म्हून?"

मी मान डोलावली.

तिने ओळखपत्र पिशवीत ठेवलं आणि शाळेच्या पायरीवर टेकली. "आलेच हाय तं बसते जरा," ती म्हणाली.

मीही शेजारी बसलो.