सिस्टरचा रेकॉर्डर आणि अकरा किलोचा मासा

खुर्चीत बसलेला माणूस दुखण्यापेक्षा आवाजाला जास्त घाबरतो, हे सिस्टरना दातांच्या दवाखान्यातल्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्या काही शिकलेल्या नर्स नव्हत्या. पण अंगात पांढरा कोट होता आणि डॉक्टर त्यांना सिस्टर म्हणायचे, म्हणून सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणू लागलं. डॉक्टरांच्या हातात हवं ते अवजार द्यायचं, पेशंटच्या तोंडात लाळ ओढणारी नळी धरायची आणि ड्रिल सुरू झालं की बोलत राहायचं, एवढं त्यांचं काम. बोलायचं कलम कुणी घालून दिलेलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच घालून घेतलं होतं.

सुरुवातीला त्या हवापाण्यावर बोलत. पण हवापाणी दाढेच्या कामाला पुरत नाही, पाच मिनिटांत संपतं. मग एकदा, खुर्चीचे हात आवळून बसलेल्या एका बाईंना त्यांनी आदल्या दिवशी मालिकेत काय झालं ते सांगायला घेतलं, आणि बाईंची बोटं एकेक करून सुटली. तेव्हापासून बावीस वर्षं हेच. मालिका बदलल्या, खुर्ची दोनदा बदलली, सिस्टरचं सांगणं काही थांबलं नाही.

सध्या जी चालू होती ती सातची. अत्तराच्या कारखान्याची एक विधवा मालकीण, आणि तिचा आंधळा दीर. हा दीर आंधळा नव्हताच. नुसतं सोंग घेऊन बसला होता, आणि ते प्रेक्षकांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. "कालसुद्धा त्यानं वहिनीसमोर मुद्दाम दुधात चष्मा बुडवला," असं सिस्टर सांगायच्या आणि पेशंट तोंड उघडं ठेवून ऐकायचा. मिटायची सोयच नव्हती म्हणा. डॉक्टर स्वतः मालिका बघत नसत, निदान तसं सांगत तरी. पण सिस्टर ऐन मोक्यावर आल्या की ड्रिल आपोआप मंद व्हायचं.

सगळं सुरळीत चाललेलं असताना डॉक्टरांनी दवाखान्याची वेळ बदलली. सकाळी नऊ ते पाच ऐवजी दुपारी बारा ते साडेआठ. नोकरदार पेशंटना बरं पडतं म्हणे. सिस्टरच्या डोळ्यांपुढे मात्र एकच घड्याळ आलं, आणि त्यात सात वाजले होते.

घरी त्यांचे यजमान होते. वीजखात्यात मीटर रीडर म्हणून तीस वर्षं दारोदार फिरून ते नुकतेच निवृत्त झाले होते. सिस्टरनी पहिल्या दिवशी त्यांच्यावर काम सोपवलं. "अहो, बघा आणि मला सांगा, बाकी काही नको."

घरी परतल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधीच विचारलं, "काय झालं?"

"तीन माणसं आली. दोन गेली."

"अहो, पण कोण आली?"

"एक बाई, एक वकील, आणि एक तो. आंधळा."

"मग?"

"मग वकील गेला, बाई गेली. एक शिल्लक."

सिस्टरनी कपाळाला हात लावला. या माणसानं आयुष्यभर लोकांच्या घरात डोकावून फक्त आकडा वाचला होता. त्या घरात कोण हसतंय, कोण रडतंय, हे बघायची त्याला ना सवय होती, ना सवड. पण एवढ्याशा मजकुरावर दाढ काढायची कशी? दुसऱ्या दिवशी एका पेशंटला सिस्टरनी ते तीन माणसांचं पाच मिनिटं पाणी घालून सांगितलं, आणि पेशंटनं भीतीनं डॉक्टरांच्या बोटाला चावा घेतला.

"रेकॉर्डर घ्यायचा," सिस्टरनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं. "पण खिशाला झेपेल असा."

रविवारी दोघं दुकानात गेली. विक्रेत्यानं आधी सगळ्यात वरचा काढला. काळा, चकचकीत, आत दोन ट्यूनर. म्हणजे एक कार्यक्रम बघायचा, त्याच वेळी दुसरा रेकॉर्ड करायचा. शिवाय महिन्याचं भाडं वेगळं. किंमत ऐकून सिस्टरनी तो बाळाला पाळण्यात ठेवावा तसा अलगद खाली ठेवला.

यजमान वाकून त्याच्या मागे बघत होते. "हा बंद असताना किती खातो?"

"काका, बंद असताना कसा खाईल?"

"लाल दिवा लागतो ना?"

"लागतो."

"मग खातो."

विक्रेत्यानं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी छताकडे पाहिलं. तीस वर्षं हीच नजर त्यांनी घरच्या प्रत्येक दिव्यावर, पंख्यावर आणि इस्त्रीवर सोसली होती.

तिथून दोघं एका दुरुस्तीवाल्याकडे गेली. त्याच्याकडे जुना, तबकडीवर रेकॉर्ड करणारा एक सेट होता. स्वस्त होता, पण आकारानं प्रवासाच्या बॅगेएवढा, आणि चालू केल्यावर आतून असा आवाज निघाला की सिस्टरना क्षणभर दवाखान्यातच असल्यासारखं वाटलं. "हा आवाज मी दिवसभर ऐकते," त्या म्हणाल्या, "घरी नको."

मग पुन्हा पहिल्याच दुकानात. आता विक्रेत्यानं कपाटाच्या तळातून साबणाच्या वडीएवढा डबा काढला. याला पेन ड्राइव्ह लावायचा, वेळ लावून ठेवायची, बास. महिन्याचं भाडं नाही, आवाज नाही.

"अट एकच," तो म्हणाला. "ह्याला एकच ट्यूनर आहे. टीव्ही बंद असला तरी चालेल, पण डब्यावर जे चॅनल लावलेलं असेल तेच रेकॉर्ड होतं. सात ते साडेसात कुणी रिमोटला हात लावायचा नाही."

सिस्टरनी यजमानांकडे पाहिलं.

"मी कशाला लावतोय?" यजमान म्हणाले. आणि डबा घरी आला.

पहिल्याच सकाळी सिस्टर चहाचा कप घेऊन ऐटीत टीव्हीसमोर बसल्या. पेन ड्राइव्हमध्ये काहीच नव्हतं. डब्याच्या कपाळावर १२:०० असा आकडा उघडझाप करत होता. डब्याचे अक्षरशः बारा वाजले होते.

"अहो! तुम्ही ह्याचं बटण बंद केलं होतं?"

"भिंतीवरचं. दुपारभर लाल दिवा लागून होता. सात वाजता लावणार होतो परत."

"लावलं?"

"लावलं की. सातला पाच कमी असताना."

"अहो, पण त्याचं घड्याळ गेलं ना! वीज गेली की त्याला कळतच नाही किती वाजले ते."

यजमान विचारात पडले. दिव्यापुरती वीज वाचवायची आणि घड्याळ घालवायचं, हा व्यवहार त्यांनाही पटला नाही. त्यांनी भिंतीवरच्या त्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि दिवसभर डब्याकडे पाठ करून बसले, म्हणजे दिवा दिसायला नको.

त्यानंतर दहा-बारा दिवस गाडं रुळावर चाललं. त्याच सुमारास दवाखान्यात गॅसच्या गाडीचा ड्रायव्हर आला. उभा राहिला की दार झाकून जायचं. दोन भरलेले सिलिंडर दोन खांद्यांवर घेऊन तीन जिने चढणारा माणूस, पण सुई बघितली आणि गळ्याला बांधलेल्या निळ्या कागदासकट सरळ रस्त्यावर. सिस्टर मागोमाग गेल्या. त्याला आत चला म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अत्तराचा एक कारखाना असतो. त्याची मालकीण विधवा. तिचा दीर आंधळा आहे, पण त्याला सगळं दिसतं." आणि मागे वळून दवाखान्यात शिरल्या. ड्रायव्हर दोन मिनिटं फुटपाथवर उभा राहिला, मग आत आला.

"दिसतं म्हणजे?" त्यानं विचारलं.

"बसा, सांगते."

रूट कॅनालच्या तीन बैठका होत्या. दोन पार पडल्या. तिसऱ्या बैठकीच्या सकाळी सिस्टरनी रेकॉर्डिंग लावलं. दीर खोलीत एकटा होता. त्यानं कानोसा घेतला, उशीखालून वर्तमानपत्र काढलं, डोळ्यांसमोर धरलं. तेवढ्यात दार करकरलं, आणि पडद्यावर एकदम नदी आली. नदीत होडी, होडीत एक म्हातारा, म्हाताऱ्याच्या हातात गळ. मालिका परत येईल या आशेवर सिस्टर ती नदी वीस मिनिटं बघत बसल्या. आली नाही.

"जाहिरात लागली होती," यजमान स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले. "म्हटलं, तेवढ्यात जरा..."

"आणि मग?"

"मग त्याच्या गळाला मासा लागला."

सिस्टरनी टीव्ही बंद केला आणि त्या कामावर गेल्या. हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं, हे यजमानांना माहीत होतं.

संध्याकाळी ड्रायव्हर खुर्चीत आडवा झाला. तोंडात चिमटा, कापूस, नळी. ड्रिल सुरू झालं. सिस्टरनी सुरुवात केली. उशी आली, वर्तमानपत्र आलं, दार करकरलं. आणि सिस्टर थांबल्या.

ड्रिल थांबलं. "कोण आलं?" डॉक्टरांनी विचारलं. बावीस वर्षांत त्यांनी असं पहिल्यांदाच विचारलं होतं.

रचून सांगणं सिस्टरना येत नसे. 'दुखणार नाही' असंही त्यांनी कधी कुणा पेशंटला सांगितलं नव्हतं, 'थोडं दुखेल' म्हणायच्या. इकडे ड्रायव्हरची बोटं खुर्चीच्या हातांत रुतायला लागली होती, पाय थरथरत होता.

"नदी आली," सिस्टर म्हणाल्या.

"काय?"

"आमच्या ह्यांनी चॅनल बदललं. आता नदी आहे. नदीत एक म्हातारा आहे. तुम्ही काम करा डॉक्टर, मी सांगते."

आणि त्यांनी ते सांगितलं. म्हाताऱ्याचा गळ कसा ओढला गेला, होडी कशी जागच्या जागी गोल फिरायला लागली, त्यानं दोरी कधी सैल सोडली, कधी आवळली, कपाळावरचा घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता. ड्रिल हळूहळू पुन्हा सुरू झालं. ड्रायव्हरचा पाय थांबला. शेवटी मासा वर आला तो अकरा किलोचा. म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांवर घेतला, त्याच्याकडे नीट पाहिलं आणि परत पाण्यात सोडला.

"होडला?" ड्रायव्हर कापसातून ओरडला. "अहा हहा होडला?"

"सोडला," सिस्टर म्हणाल्या. "मलाही वाईट वाटलं."

एवढ्यात बाहेर बसायच्या जागेतून, मधल्या प्लायच्या भिंतीपलीकडून, खणखणीत आवाज आला. "वहिनी आली हो, वहिनी!"

त्या होत्या निवृत्त मुख्याध्यापिका, कवळी घट्ट करून घ्यायला आलेल्या. त्या कधीपासून सगळं ऐकत होत्या आणि आता त्यांना राहवेना. "दारात वहिनी उभी होती! आणि तिनं काय विचारलं, ठाऊक आहे? 'भावजी, आजची मोठी बातमी काय?'"

"आणि त्यानं काय उत्तर दिलं?" डॉक्टरांनी भिंतीला विचारलं.

"वाचून दाखवली!"

डॉक्टर फिरत्या स्टुलावर मटकन बसले. ड्रायव्हरनं पोट हलवत हसायला सुरुवात केली, आणि सिस्टरना नळी दोन्ही हातांनी धरावी लागली.

चार दिवसांनी ड्रायव्हर सिलिंडर खांद्यावर घेऊन सिस्टरच्याच दारात उभा राहिला. घरी यजमान एकटेच होते. पत्ता त्याला नवा नव्हता, पण आजवर त्यानं सिलिंडर टेकवून सही घेतली होती आणि पुढच्या दाराला गेला होता. आज तो टेकवून थांबला.

"चॅनल बदलणारे ते तुम्हीच का?"

यजमानांची पाचावर धारण बसली. एवढा मोठा माणूस, आणि हा विषय. "चुकून झालं," ते म्हणाले.

"तो म्हातारा गळाला काय लावत होता? पीठ की गांडूळ?"

यजमानांनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग खुर्ची पुढे ओढली. सिलिंडर बाकीच्या घरांना त्या दिवशी तासभर उशिरा पोचले.

ड्रायव्हरला पाच वाजता सुट्टी व्हायची आणि गावाबाहेरच्या कालव्यावर त्याची एक ठरलेली जागा होती. आठवड्याभरात यजमानही तिथं जायला लागले. रोज साडेपाचला निघायचे, आठच्या सुमाराला परत. सात ते साडेसात घर रिकामं, रिमोट टेबलावर, आणि डबा आपला गुमान मालिका रेकॉर्ड करतोय. दोन ट्यूनरच्या त्या चकचकीत यंत्राला जे जमलं असतं ते एका गळानं करून दाखवलं. एक सेकंद इकडे की तिकडे नाही.

सिस्टरना मात्र आता दुहेरी काम लागलं. घरात पाऊल टाकलं की यजमान सुरू. "अगं, आधी त्यानं नुसतं हुंगलं. मी श्वास रोखला. मग गेला. म्हटलं, संपलं. तर मागून परत आला, शहाणा!" दोन्ही हात हवेत, डोळे मोठे, आवाज खाली. वीस मिनिटं मासा, तोही न मिळालेला. सिस्टर एका पायातली चप्पल तशीच ठेवून ऐकत उभ्या राहायच्या. तीन आली, दोन गेली म्हणणारा माणूस हाच का, असा त्यांना प्रश्न पडे. पण त्या विचारत नसत. विचारलं तर थांबेल, अशी भीती वाटे.

ड्रायव्हरची दाढ पूर्ण झाली, वर टोपीही बसली. "आता सहा महिन्यांनी या," डॉक्टर म्हणाले. तो पंधराव्या दिवशी हजर. डाव्या बाजूला ठणका लागलाय, झोप नाही, म्हणाला आणि स्वतःहून खुर्चीत जाऊन आडवा झाला. गळ्याला कागदही स्वतःच बांधला. डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं एकेक दात ठोकून पाहिला. वरचे सोळा, खालचे सोळा. गार पाण्याचा फवारा मारला. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर सुरकुती नाही.

"सगळे ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "दुखतंय नक्की कुठं?"

ड्रायव्हरनं मान वळवून सिस्टरकडे पाहिलं. "त्या कारखान्याच्या कागदांवर वहिनीनं सही केली का शेवटी?"

डॉक्टरांनी हातोडी ट्रेमध्ये ठेवली. बाहेर तीन पेशंट ताटकळत बसले होते. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं, आणि मग ड्रायव्हरला म्हणाले, "तोंड उघडा मोठं. सिस्टर, जरा सावकाश सांगा, सफाई करून टाकू."