मंडळाच्या साईटवरचा निकाल

कांदिवलीच्या त्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि ताईला, माझ्या मावसबहिणीला, विचारलं, "पहिल्या नवऱ्याने हात उचलला असं तू कोर्टात म्हटलंस, ते खरं का गं?" शेजारी त्यांचा मुलगा बिस्किट खात होता. त्याच्या आणि ताईच्या लग्नाची बोलणी मावशीच्या मुलुंडच्या घरी चालली होती. मारहाणीचं ताईने कोर्टाबाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी मलाही नाही. स्थळ फिसकटलं ते बरंच झालं, पण ह्या बाईंना कळलं कुठून?

आमच्या वधूवर मंडळात घटस्फोटितांकडून कोर्टाचा निकाल मागतात. ताईने तो मंडळाच्या साईटवर चढवला होता. मी अंधेरीत सर्व्हर सांभाळायचंच काम करते, म्हणून ती माणसं गेल्यावर लगेच लॅपटॉप उघडला. लॉगिनला पासवर्ड, वर ओटीपी. दाराला कड्यावर कड्या आणि मागची भिंतच नाही! साईटच्या पत्त्यापुढे जे लिहाल ते सर्व्हर आपल्या फोल्डरात शोधतो आणि सापडलं की देऊन टाकतो. मागणारा कोण ते आधी तपास, असं त्याला सांगून ठेवावं लागतं. इथे कुणी सांगितलंच नव्हतं. मी लॉगिन न करता ताईच्या निकालाचा पत्ता टाकला, तर निकाल उघडला. पत्त्याच्या शेवटचं फाइलचं नाव खोडलं, तर अख्खं फोल्डरच समोर आलं. लोकांचे निकाल, पगाराच्या स्लिपा, कुणाचा तरी वीर्यतपासणीचा रिपोर्ट. मला शिसारी आली.

मंडळाच्या चिटणीसांना फोन लावला. ते म्हणाले, "अगं, ते ठाऊक आहे आम्हाला. समोरची पार्टी चौकशी करते ना, मग आम्हीच लिंक पाठवतो. लग्नाच्या मामल्यात पारदर्शकता नको?" इतकं गोड बोलत होते की फोन ठेवल्यावर कान धुवावासा वाटला.

"माझं नाव काढायला सांग त्यांना," ताई म्हणाली. तेवढ्यात मावशी चष्मा लावून खुर्ची ओढत आली.

"थांब गं. बंद करायच्या आधी त्या मुलाचं काय निघतंय ते बघ ना. त्याचाही घटस्फोटच झालाय."

पोटच्या पोरीची अशी शोभा झाली होती आणि हिला दुसऱ्याचं वाचायचं होतं! मावशी माझी फार लाडकी, पण त्या क्षणी मला तिचाही वीट आला. ताईने माझ्या हातातून फोन घेतला आणि चिटणीसांना स्वतःच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला, नाव काढलं आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खरंच, साईटवर शोधलं तर ताई कुठेच सापडेना.

"सुटले बाई एकदाची," ती म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

मी जुना पत्ता पुन्हा टाकून बघितला. चिटणीसांनी साईटवरचं पान तेवढं काढलं होतं. फोल्डरातल्या फाइलला कुणी हातच लावला नव्हता आणि सर्व्हरने ती मुकाट्याने आणून दिली. वरच ताईचं पूर्ण नाव होतं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही.