अंधाराच्या कपाटाची चावी

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे माझ्यासमोर उभं राहून स्वतःची चूक सांगायची म्हणजे छाती लागते. ती बाटलीकाकांकडे होती.

बाटलीकाका एकतीस वर्षं आमच्याकडची काचेची भांडी धूत, वाफेच्या मोठ्या कुकरात निर्जंतुक करत आणि जागच्या जागी ठेवत. खांद्यावर फडकं कायमचं. धूळ दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. मी एकदा चिडवलं, "काका, तुम्ही जास्त वेळ थांबलात तर मलाही पुसाल." ते म्हणाले, "तुमच्या टेबलापासून सुरुवात करतो, ताई. ते बघवत नाही."

माझं काम एका विचित्र बुरशीवर होतं. ही बुरशी जिवंत अळीच्या अंगात शिरते, तिला आतून खाऊन संपवते आणि मग तिच्या पाठीतून केशरी काड्या वर काढते. त्या काड्यांतल्या द्रव्याचा सुजेवर आणि गाठींवर काही उपयोग होतो का, हे ठिकठिकाणी तपासलं जातंय. आम्ही ती बरण्यांमध्ये, शिजवलेल्या तांदळावर वाढवायचो. काका तिला 'किडेखाऊ' म्हणायचे आणि बरण्यांना 'मंडळी'.

माझ्या प्रयोगात बारा बरण्या दिव्याखाली होत्या आणि बारा बंद कपाटात. उजेडाशिवाय या बुरशीला रंग येत नाही, काड्याही धड फुटत नाहीत, असं सगळे मानतात. पण माझ्या कपाटातल्या बाराही बरण्या केशरी झाल्या. तीनदा प्रयोग केला, तिन्ही वेळा तेच! मी नुसती हवेत होते. परिषदेत बोलायचं ठरलं, प्रबंधाचं मुख्य प्रकरणही त्यावरच उभं राहिलं.

आदल्या दिवशी मी मॅडमसमोर, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांसमोर, भाषणाची तालीम करत होते. काका मागे बेसिन घासत होते. "या बुरशीला उजेडाची गरज नाही," असं मी ठासून म्हटलं आणि घासण्याचा आवाज थांबला. मॅडम गेल्यावर काका हात पुसत माझ्याकडे आले.

"ताई, अंधारातली मंडळी अंधारात नव्हती."

"म्हणजे?"

"रोज दुपारी मी कपाट पुसायचो. बरण्या काढून खिडकीत ठेवायचो. पाव तास. पुसून झालं की परत आत."

"काका! दारावर मी हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, उघडू नये म्हणून!"

"लिहिलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, ते बाहेरच्यांसाठी आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय काय बोलले ते आता आठवायचीही लाज वाटते. दोन वर्षांचं वाटोळं केलंत, असंही म्हणाले. काकांनी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. त्यांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते आणि एकतीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही तक्रार नव्हती.

मी दमून थांबले तेव्हा ते हळूच म्हणाले, "गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं, एवढं मलाही समजतं. पण उद्या कोणीतरी तुमचं वाचून अंधारात बरण्या लावेल. त्याच्या बुरशीला रंग येणार नाही. तो बिचारा स्वतःलाच दोष देत बसेल, ताई."

मी मॅडमना फोन लावला. भाषण रद्द झालं.

नव्याने बरण्या लावल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी घरून कुलूप आणलं, कपाटाला लावलं आणि चावी खिशात टाकली. "उद्यापासून ही आमच्या हिच्याकडे. माझ्या हाताचा भरवसा नाही."

"मग मला द्या ना!"

"तुम्हाला तर मुळीच नको. तुम्हाला धीर कुठे आहे?"

साठाव्या दिवशी काकू स्वतः आल्या. चष्म्याच्या डबीतून चावी काढून माझ्या हातावर ठेवत म्हणाल्या, "घ्या बाई, सुटले एकदाची. रोज जेवताना विचारायचे, आत किती धूळ झाली असेल गं? दोनदा तर माझी पर्सही उचकली."

काका कान लाल करून खिडकीबाहेर बघत राहिले.

मी कपाट उघडलं. आतल्या फळीवर बोटाची रेघ उठेल एवढी धूळ होती. बाराही बरण्यांत फिकट, पांढुरकी बुरशी होती आणि काड्या जेमतेम चार-दोन. माझा शोध तिथेच संपला. काकांचं म्हणणं मात्र बाराच्या बारा बरण्यांत खरं ठरलं होतं. मी त्यांच्यासमोर हात जोडले. त्यांनी फडकं पुढे केलं. "आता पुसू का?"

प्रबंध लिहिताना मॅडम म्हणाल्या, पहिले तीन प्रयोग तांत्रिक कारणाने बाद झाले, एवढंच लिही, कशाला म्हाताऱ्याचं नाक कापायचं? मी तसंच लिहिलं आणि पान काकांना दाखवलं. ते भडकले. त्यांचा चढा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"तांत्रिक कारण म्हणजे काय? कारण मी आहे! मी पुसलं, असं लिहा. आणि कशाने रंग आला ते कळायला नको? तेवढ्या पाव तासाच्या उजेडाने आला, तेही लिहा."

मी थक्क झाले. खरंच की, त्या पाव तासाचा मी विचारच केला नव्हता! पुढचं अख्खं प्रकरण त्यावर झालं. पान पुन्हा लिहून निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या हातात दिलं: 'प्रयोगशाळेचे परिचर रोज दुपारी बरण्या खिडकीत ठेवून कपाट पुसत होते. ही माहिती त्यांनी आपणहून दिली.'

काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग माझंच पेन मागून घेतलं, 'दुपारी' या शब्दावर काट मारली आणि वर लिहिलं, 'सव्वादोन ते अडीच'.