एक चावीवर, एक कानावर

श्री. वसंत गावडे यांची आणि माझी ओळख माझ्या गाडीच्या एका खोडीमुळे झाली. सहा वर्षांपूर्वी रोज सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून टिक्-टिक् असा बारीक आवाज यायचा आणि अजमानमधून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तो नाहीसा व्हायचा. तीन गॅरेजांत दाखवलं. मी पोचेपर्यंत इंजिन तापलेलं आणि आवाज गप्प. तिसऱ्या ठिकाणच्या माणसाने तर गाडी सोडून मलाच डॉक्टरकडे न्यायला हवं, अशा नजरेने पाहिलं. शेवटी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका ‘उस्तादां’चा पत्ता दिला. तिथे गेलो तर उस्ताद आपले कुडाळकडचे गावडेभाऊ निघाले.

भाऊंनी मला चावी फिरवूच दिली नाही. म्हणाले, “आज ही बोलायची नाही. गाडी इथेच राहू दे, उद्या सकाळी सहाला या. तुम्ही स्वतः या.” मला राग आला. सुटीच्या दिवशी सहाला उठायचं आणि टॅक्सी करून स्वतःचीच गाडी ऐकायला जायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? तरी गेलो. भाऊंनी मला गाडीत बसवलं, स्वतः बॉनेट उघडून उभे राहिले आणि रबरी नळीचा हातभर तुकडा घेऊन त्याचं एक टोक कानाला लावलं. त्यांनी हात वर केल्यावर मी चावी फिरवली. दहा आकडे मोजून होईपर्यंत ते नळीचं दुसरं टोक इंजिनावर फिरवत राहिले, आणि मग मला खाली बोलावून जागा दाखवली.

इंजिनातला धूर ज्या नळ्यांतून बाहेर पडतो त्यांच्या जुडग्याला हेडर म्हणतात. तो इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथलं पॅकिंग एका कोपऱ्यात जळलं होतं. भाऊंनी समजावलं, “गार असताना केसाएवढी फट असते. तापलं की लोखंड फुगतं आणि फट मिटते. म्हणून गारच ऐकायचं. आणि हे एकट्याचं काम नाही, साहेब. आत बसणाऱ्याला जागा कळत नाही, बाहेरच्याला चावी फिरवता येत नाही. एक चावीवर, एक कानावर.”

भाऊ या महिन्यात साठ वर्षांचे होत आहेत आणि पुढल्या महिन्यात कायमचे गावी परत जात आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या आपल्या मंडळाच्या या अंकात लिहायला संपादकांनी मला सांगितलं आणि वर “जरा आनंदाने लिहा” अशी सूचनाही दिली. प्रयत्न करतो. पण ते जात आहेत याचा मला मुळीच आनंद झालेला नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

भाऊंच्या कामाविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही. माझा जन्म दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात मालाच्या ऑर्डरी काढण्यात गेला. पण पाहिलेलं सांगतो. हेडर बसवताना ते नट आधी हातानेच लावतात. मग मधल्या नटापासून सुरुवात करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं बाहेर सरकतात, आणि असे तीन फेरे घेतात. एका बाजूने कसत गेलं की दुसरी बाजू उचलते, असं त्यांचं म्हणणं. सगळं झाल्यावर इंजिन तापवतात, पूर्ण गार होऊ देतात आणि पुन्हा प्रत्येक नट तपासतात. यात दिवस जातो. बाहेर गिऱ्हाईक ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई करत असतं. भाऊ त्याला खुर्ची देतात, आपला वेग मात्र देत नाहीत.

एकदा अबू धाबीहून, अल रीम आयलंडवरून, एक गृहस्थ आले. बायको आणि दोन मुलांना घेऊन तीन दिवस फुजैरेला निघाले होते. धुराची गळती मोठी होती, शिवाय एसी जिथून हवा ओढतो त्याच्या शेजारीच होती. गृहस्थ म्हणाले की वरून पेस्ट फासा, आल्यावर बघू. भाऊंनी नकार दिला. गृहस्थांचा आवाज चढला. भाऊ एवढंच बोलले, “ये धुआँ दिखता नहीं, साहब. बच्चे पीछे सो जाएँगे.” आणि स्वतःच्या जुन्या गाडीची चावी त्यांच्या हातावर ठेवली. त्या शनिवारी मी गेलो तेव्हा भाऊ डोक्यावर ओला टॉवेल टाकून, ऑगस्टच्या उन्हात, पार्ट आणायला पायी निघाले होते. मी विचारलं तेव्हा म्हणाले की डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. हे डॉक्टर कोण, ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही विचाराल, गाडी दुरुस्त झाली तरी हा शिंदे दर शनिवारी तिथे काय करत होता? त्याचं उत्तर थोडं लाजिरवाणं आहे. पण गौरवलेखात खोटं लिहू नये.

गाडी नीट झाल्याच्या दुसऱ्या वर्षी माझी मुलगी सई अकरावीसाठी पिंपरीला गेली आणि तिच्यासोबत माझी पत्नीही. ठरवून घेतलेला निर्णय होता, कोणाचीच चूक नव्हती. घरात मी एकटा उरलो. संध्याकाळी फोन लावला की सई “फाइन बाबा, बाय” म्हणायची आणि फोन आईकडे द्यायची. सोमवार ते शुक्रवार ऑफिस होतं. शनिवारी रात्री झोपायला गेलो की शुक्रवारी संध्याकाळपासून आपण कोणाशी समोरासमोर एक शब्दही बोललो नाही, हे लक्षात यायचं. असे तीन-चार शनिवार गेले. मग मी एक पाना विकत आणला आणि पार्किंगमध्ये जाऊन हेडरच्या कडेचा नट अर्धा आटा सैल केला. दुसऱ्या दिवशी गाडी छान टिक्-टिक् करू लागली आणि मी ती घेऊन भाऊंकडे गेलो.

भाऊंनी गाडी ठेवून घेतली. सकाळी सहाला मला चावीवर बसवलं, नळी कानाला लावली आणि मग वाकून तो नट बराच वेळ पाहिला. नटाचे कोपरे झिजून चकचकीत झाले होते. हलक्या, सरकत्या जबड्याच्या पान्याने नट सोडला की असंच होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवावं, आणि ते असं बॉनेटखाली उघडं पडावं. भाऊंनी नट बदलला, कसला, बॉनेट लावलं. थर्मासमधून दोन स्टीलच्या पेल्यांत चहा ओतला. एक पेला माझ्यापुढे सरकवून म्हणाले,

“शिंदे, पुढल्या शनिवारी नुसते या. नट सोडू नका. नट ज्यावर बसतो तो स्टड मोडला तर तुमचाही दिवस जाईल आणि माझाही.”

त्या दिवसापासून ते मला साहेब म्हणाले नाहीत. चार वर्षं मी शनिवारचा चावीवाला आहे. माझ्याआधी शेजारच्या गोदामाचा पहारेकरी ते काम करायचा, तो पेशावरला परत गेला होता. म्हणजे भाऊंनाही माणूस हवाच होता. पण गरज कोणाची जास्त होती, हे त्यांनी मला कधी जाणवू दिलं नाही.

माणूस एकतीस वर्षं गॅरेजमागच्या एका खोलीत राहतो, वर्षातून एक महिना घरी जातो. गेल्या वर्षी भाऊ सुटीवरून चार दिवस आधीच परतले. मी कारण विचारलं नाही. दोन शनिवार गेल्यावर नट पुसता पुसता आपणहून म्हणाले, “शिंदे, घरी मला पाहुण्यांच्या कपात चहा देतात. निळ्या फुलांचा, बशीसकट. बाकी सगळ्यांना रोजचे कप. मी स्वयंपाकघरात गेलो की बायको हातातलं काम टाकून उठते, काय हवं विचारते. काही नको असतं. नुसतं उभं राहायचं असतं.” मग ते हसले आणि पुढल्या गाडीकडे गेले. माझ्या घरीही सध्या मी पाहुणाच आहे.

परवाच्या शनिवारी भाऊंनी ती रबरी नळी मला दिली. म्हणाले, आता कान तुमचा. मी विचारलं, मग चावीवर कोण? त्यांनी उलट विचारलं की समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं. मला नाव सांगता आलं नाही. एका मजल्यावर राहून पाच वर्षं झाली होती.

आज सकाळी मी त्या दारावरची घंटा वाजवली. त्यांचं नाव जोसेफ, केरळचे, तेही एकटेच. लुंगीवर खाली आले, काहीएक न विचारता गाडीत बसून त्यांनी चावी फिरवली. मी नळी लावून ऐकलं. कुठेही टिक् नाही, भाऊंनी कसलेला नट तो. जोसेफनी विचारलं, “क्या सुनना था?” मी म्हणालो, कुछ नहीं. ते वर निघून गेले. चहाला बोलावायचं राहिलं, पुढल्या शनिवारी बोलावेन.

गावडेभाऊंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, कान शेवटपर्यंत असेच शाबूत राहोत, ही तर आपणा सर्वांचीच इच्छा आहे. माझी एक विनंती मात्र सौ. गावडेवहिनींना आहे. हा अंक भाऊ सामानातून घरी आणतील आणि तुम्ही तो वाचाल, म्हणून इथे लिहितो. भाऊ रागावतील, रागावू देत. वहिनी, हा माणूस आता सुटीवर आलेला नाही. सकाळी ते स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले तर उठू नका, काय हवं ते विचारू नका. हातातलं काम चालू ठेवा. आणि तो निळ्या फुलांचा कप फळीवर सगळ्यात मागे ठेवून त्यांना चहा रोजच्या कपात द्या. कान तुटलेला असला तरी चालेल.