बिनकडीचं दार

मलबाताईच्या हातात वीट आली की ती आधी तिच्यावर बोटानं टकटक करायची आणि मग ती कानाशी धरायची. वीट पक्की की कच्ची हे आवाजावरून कळतं, एवढं आम्हालाही ठाऊक होतं. पण ही बाई जरा जास्तच वेळ ऐकत बसायची आणि मग विचारायची, "ही कुणाच्या घरची?" आमच्या साखरा गावातल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "झपाटल्याली हाय बाई," म्हणायच्या. हसण्यात मीही होते.

रस्ता रुंद करताना आमच्या ओळीतली घरं पाडली होती. विटा, दगड, तुळया ओढ्याकाठी ढिगानं पडल्या आणि त्यांच्यावर बाभळी उगवल्या. ही हिंगोलीची आर्किटेक्ट बाई एक दिवस आली आणि म्हणाली, याच मलब्यातून गावासाठी खोली बांधू. लेकरांना अभ्यासाला होईल, बायकांच्या बचतगटाला होईल. त्या दिवसापासून ती मलबाताईच झाली, तिचं खरं नाव कुणी घेतलं नाही.

तिचा हट्ट एकच. ज्या घरची वीट, त्या घरच्या माणसानंच ती रचायची, आणि रचताना त्या घरात राहून गेलेल्या कुणाचं तरी नाव मोठ्यानं घ्यायचं. वरून गिलावा करायचा नाही. हुसेनचाचा गवंडी आधी वैतागले. "अशानं भित कवा व्हायची, ताई?" मग त्यांच्याच पाडलेल्या घरातली, चुलीच्या धुरानं काळी झालेली वीट त्यांच्या हाती आली. "अम्मी," एवढंच ते म्हणाले आणि बराच वेळ तिथून उठले नाहीत. पुढं हसणं बंद झालं. दिवेलागणीला त्या भिंतीशेजारून जाताना मला पलीकडं कुणी भांडी घासतंय असं वाटायचं, आणि पलीकडं तर नुसती मोकळी जागा होती. मला भीती वाटायची, तरी वाट बदलावीशी वाटत नव्हती.

खोली झाली, दार राहिलं. पाडापाडीत एकच दार धड उरलं होतं, आमचं सागवानी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते गोठ्याला टेकवून गोणपाटानं झाकून ठेवलं होतं. माझा थोरला भाऊ दिगू याच दारातून जवळा बाजार गावाला जातो म्हणून निघाला, तो परतलाच नाही. आई होती तोवर तिनं त्या दाराला कडी लावू दिली नाही. आई गेली, मग घरही गेलं.

"दार मी देत न्हाई," अण्णांनी सांगून टाकलं. "पोरगं आलं तर कशावरून वळखंल?"

मलबाताईनं समजूत घातली नाही की वाद घातला नाही. ती रोज यायची, गोठ्यात बसून चहा प्यायची आणि जाताना दाराला कान लावायची. शेवटी अण्णांनाच राहवेना.

"काय ऐकून राहिली गं पोरी?"

"काही नाही, अण्णा. कुणी वाजवलं तर आपल्याला कळावं म्हणून."

अण्णांनी स्वतः गोणपाट ओढून काढलं. "ने. पण कडी लावायची न्हाई."

आणि हुसेनचाचांनी सवयीनं नवीकोरी कडी ठोकलीच! बिनकडीचं दार त्यांनी जन्मात बसवलं नव्हतं. मलबाताईनं ती आपल्या हातानं उचकटली. खिळ्यांची भोकं अजून तशीच आहेत.

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि मलबाताई गेली. "तिच्या घरची वीट आणा रे," अण्णा म्हणाले. पण ती राहायची भाड्याच्या खोलीत. तिचं पाडलेलं घर कुठंच नव्हतं, म्हणून त्या भिंतीत सगळ्या गावाची माणसं आहेत आणि ती तेवढी नाही. हे मला फार लागतं.

अण्णा रोज संध्याकाळी त्या खोलीत जाऊन बसतात. वाऱ्यानं दार हललं की मान न वळवता म्हणतात, "ये, दिगू." हल्ली जरा थांबून आणखी म्हणतात, "तू बी ये, पोरी."

मी दाराजवळ बसलेली असते. वळून बघते, तर कुणी नसतं. तरी मी बाजूला सरकते.