राणीसाहेब तव्यापाशी जात नसत

पोळी-भाजी केंद्रात काम करणारी बाई आणि तव्याजवळ फिरकत नाही, असं कधी ऐकलंय? आमची शोभा तशी होती. गोडदेवच्या आमच्या केंद्रात ती दिवसभर पोळ्या लाटायची, पण भट्टीपासून लांब, भिंतीला पाठ टेकून, खाली बसून. म्हणून आम्ही तिला राणीसाहेब म्हणायचो. "राणीसाहेब, जरा पोळी उलटा की!" म्हटलं तर हसायची. "राण्या लाटतात, काकू. भाजायला तुम्ही आहात ना!"

माणगावकडची, तोंडाची फटकळ. डब्यातली जवळ्याची चटणी सगळ्यांना वाटल्याशिवाय घास घ्यायची नाही. कुणी नको म्हटलं की, "नको कशाला? विष घालायचं असतं तर ताईंच्या डब्यात घातलं असतं!" ताई म्हणजे आमच्या मालकीणबाई, समोरच बसलेल्या असायच्या. त्याही हसायच्या.

एका सकाळी आम्ही दोघीच कणीक मळत होतो, तर ही धाडकन आडवी झाली. डोळे वर, हातपाय ताठ, मग झटके. आमच्या गावाकडे करायचे तेच मी केलं, पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावली. भानावर आल्यावर बाई म्हणते काय, "काकू, चप्पल तरी धुतलेली लावायची!" आणि मग जी रडायला लागली! तिला रडताना मी कधी पाहिलंच नव्हतं हो.

"फिट येतात मला, लहानपणापासून. गोळ्या चालू आहेत, तरी कधीतरी येतेच. पुन्हा आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, जवळ थांबा. फिट थांबलीच नाही तर दवाखान्यात न्या. चप्पल तेवढी पायातच ठेवा."

आधीच्या कामावर तिने हे सांगितलं होतं, तर दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं. म्हणून इथे गप्प होती. मीही बजावलं, "ताईंना बोलू नकोस, बाई. पोटावर पाय येईल."

पण तव्यावरची कमल गावी गेली आणि ताई म्हणाल्या, "शोभा, सोमवारपासून तवा तुझा." राणीचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. जाताना वाटेत मी म्हटलं, "कंबर दुखते म्हणून सांग."

"आणि तव्यावर पडले की कंबरेला मलम चोळणार का?"

सोमवारी आल्या आल्या तिने सांगून टाकलं, तेही सगळ्यांसमोर. हातातली लाटणी हातातच राहिली आमच्या. मला वाटलं, आता ताई भडकणार. पण कसलं काय! त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "अगं, मी काय तुला काढतेय? पण गिऱ्हाइकाने बघितलं तर? तू मागच्या कोठीत बसून लाटत जा. दार लोटून घे, म्हणजे कुणाला कळायला नको."

मी मनात म्हटलं, देव पावला! राणीने मात्र हात धुतले, पदराला पुसले.

"ताई, दाराआड पडले तर मला बघणार कोण? नोकरी राहावी म्हणून नाही सांगितलं मी. जीव राहावा म्हणून सांगितलं."

आणि पिशवी उचलून चालायला लागली. मी मागे धावले, रिक्षापाशी गाठलं. "अगं वेडे, हातातलं काम सोडतेस?"

"काकू, कुणी विचारलं तर गावाला गेली म्हणू नका हं. खरं ते सांगा."

दोन दिवसांनी आमच्या रोजच्या गिऱ्हाईक, बँकेतल्या मॅडम, विचारत्या झाल्या, "राणी दिसत नाही?" ताईंनी डोळे वटारले, तरी मी सांगितलं. फिट, कोठी, लोटलेलं दार, सगळं. मॅडमनी हातातल्या पोळ्या काउंटरवर ठेवल्या. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "माझ्या मुलीलाही येतात. नवीन ऑफिसात कुणाला सांगू नकोस, अशी तिला मीच शपथ घातलीय." आणि पोळ्या तशाच काउंटरवर सोडून, फोन कानाला लावत बाहेर गेल्या. इतकी वर्षं रोज बोलतोय आम्ही, आणि या बाईच्या घरातही हेच!

संध्याकाळी राणीला फोन करून सांगितलं. ती मग म्हणाली, "उद्या काशीमीऱ्याला एका हॉटेलात जातेय, कामाचं विचारायला."

"तिथेही सांगणार?"

"सांगणार ना. आधी सांगणार. मग चहा विचारला, तर बसणार."